आजोंची वही आणि पाचवं अक्षर

गेल्या महिन्यात एकदा रात्री साडेदहाला ताईचा फोन आला. ताई नऊला झोपते, साडेदहाला कधीच फोन करत नाही, त्यामुळे उचलायच्या आधीच माझ्या पोटात गोळा आला. भाचीचं लग्न ठरलंय, मुलगा डिचोलीचा, हॉल बुक झालाय, सगळं छान चाललेलं. आणि ताई म्हणते, "पोरीच्या रक्तात थॅलेसेमिया निघाला गो, आतां कितें करप?"

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर मागवला. हिमोग्लोबिन १०.४, एमसीव्ही ६४, म्हणजे लाल पेशी आकाराने लहान, आणि एचबी ए-टू, म्हणजे हिमोग्लोबिनचाच एक प्रकार, ५.२ टक्के. ए-टू साडेतीनच्या वर गेलं की थॅलेसेमिया ट्रेटचा, म्हणजे मायनरचा संशय पक्का होतो. पोरगी ठणठणीत आहे, स्कूटर चालवते, फुगडीत दोन तास दमत नाही. शाळेत असल्यापासून "रक्त कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या मात्र खात आलीये आणि हिमोग्लोबिन काही हललं नाही, कारण लोह कधी कमी नव्हतंच! ताईला तेवढ्या रात्री एवढंच सांगितलं की हा आजार नाही, ती वाहक आहे, आता मुलाचं रक्त तपासा, त्याचा रिपोर्ट नॉर्मल आला तर यांच्या मुलांना मोठा थॅलेसेमिया, म्हणजे जन्मभर रक्त चढवावं लागणारा, होणार नाही, झोप आता.

मग जीन टेस्टसाठी सँपल मुंबईला गेलं आणि दोन आठवड्यांनी एक ओळ आली, आयव्हीएस १-५, जी टू सी. ती ओळ वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. मी अकरा वर्षं बारावीला बायोलॉजी शिकवते, दरवर्षी फळ्यावर एक्सॉनचे, म्हणजे जीनमधल्या ठेवायच्या भागांचे, चौकोन आणि इंट्रॉनच्या, म्हणजे मधल्या कापून टाकायच्या भागांच्या, रेघा काढते, रेघा पुसते, चौकोन जोडते, स्प्लायसिंग झालं, पुढचा टॉपिक. आयव्हीएस म्हणजे इंटरव्हिनिंग सिक्वेन्स, इंट्रॉनचंच जुनं नाव. म्हणजे आमच्या पोरीच्या जीनमधली चूक ही प्रोटीनचा निरोप लिहिलेल्या भागात नाहीच. मी दरवर्षी जी रेघ डस्टरने पुसून टाकते ना, त्या रेघेत आहे. पहिल्या इंट्रॉनचं पाचवं अक्षर, जी असायचा तिथे सी. (डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो.)

ताईला हे कसं समजवायचं याचा विचार करताना मला आजोंची वही आठवली. आजो म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. कुळागर होतं आमचं, माड, सुपारी, थोडी केळी, आणि आजो गावच्या भजनी मंडळात, वास्कोच्या सप्ताहालाही मंडळाबरोबर जायचे. आम्ही घरात बोलतो कोंकणी, पण भजन मराठी, हिशेबाची वही मराठी, पत्रं मराठी, गोव्यात बऱ्याच घरांत हे असंच आहे. तर आजोंकडे एकच जाड वही होती आणि कागद वाया घालवणं त्यांना पाप वाटायचं. त्यामुळे आधी हिशेब लिहिलेले, नारळ पाडले तीनशे वीस, पाडेल्याला इतके दिले, सुपारी इतके मण, आणि मधे जिथे जिथे जागा सुटली तिथे भजनांच्या ओळी. एका भजनाच्या दोन ओळी इथे, मग सव्वा पान हिशेब, मग पुढची ओळ, मग परत हिशेब. आणि जिथे भजन तुटून हिशेब सुरू होतो तिथे हिशेबाच्या अगदी सुरुवातीला एक छोटा गोल आणि त्याला शेपूट, जिथे हिशेब संपतो तिथे फुली. गाताना आजोंची नजर गोलावरून फुलीवर उडी मारायची, आवाज कुठे तुटायचा नाही.

खुणा कुठे होत्या ते बघा. भजनात नव्हत्या. जो भाग गायचा नाही त्याच्या कडेला होत्या, त्याच भागाच्या आत.

पेशीत अगदी हेच आहे. डीएनएवरून आरएनएची जी पहिली कच्ची प्रत निघते तिच्यात सगळंच उतरतं, कामाचं आणि मधलं, फक्त टी च्या जागी यू. इंट्रॉनची सुरुवात जवळजवळ नेहमी जी-यू या दोन अक्षरांनी होते आणि शेवट ए-जी ने. शेवटाच्या थोडं आधी एक खास ए असतो, त्याला ब्रँच पॉइंट म्हणतात, आणि त्या ए च्या आणि शेवटाच्या मधे यू आणि सी यांची गर्दी असते. कापण्याच्या जवळजवळ सगळ्या महत्त्वाच्या खुणा अशा इंट्रॉनच्या आत आहेत. एक्सॉनमध्येही मदतीच्या खुणा असतात, नाही असं नाही, पण मुख्य गोल आणि फुली इंट्रॉनमध्ये. म्हणून जेव्हा कोणी म्हणतं की इंट्रॉन म्हणजे कचरा, तेव्हा मला आता खरंच राग येतो, आणि अकरा वर्षं मी वर्गात "निरुपयोगी भाग" हाच शब्द वापरला याचं वाईट वाटतं.

आता हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा, म्हणजे बीटा ग्लोबिनचा, जीन घेऊ, कारण तोच आपला आहे. अकराव्या क्रोमोसोमवर बसलेला, माणसाच्या जीन्समध्ये अगदी छोटा. कच्ची प्रत सुमारे १६०० अक्षरांची. त्यात तीन एक्सॉन आणि दोन इंट्रॉन, पहिला इंट्रॉन १३० अक्षरांचा, दुसरा ८५० चा. दोन्ही काढले की ६२६ अक्षरं उरतात. म्हणजे लिहिलेल्यातलं निम्म्याहून बरंच जास्त काढून टाकायचं, आणि काढताना एका अक्षराचीही चूक चालत नाही, कारण निरोप तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो. एक अक्षर जास्त राहिलं की पुढचं सगळं वाचन सरकलं.

पहिल्या इंट्रॉनची सुरुवात अशी आहे, जी-यू-यू-जी-जी-यू. माणसात या जागेची सगळ्यात पक्की खूण कशी असते, तर जी-यू-ए-ए-जी-यू. दोन्ही शेजारी ठेवून बघा, तिसरं आणि चौथं अक्षर मुळातच जुळत नाही. म्हणजे आपल्या सगळ्यांच्याच, ज्यांना काहीही झालेलं नाही त्यांच्याही, बीटा ग्लोबिनमधली ही खूण जरा फिकटच आहे, तरी काम भागतं कारण बाकीची अक्षरं धरून ठेवतात. आता यातला पाचवा जी गेला आणि तिथे सी आला. जी-यू शाबूत आहे, गोल पुसला गेलेला नाही, पण इतका फिकट झाला की वाचणाऱ्याला कधी दिसतो, कधी नाही.

मग काय होतं, तर कातर जवळपास दुसरीकडे जी-यू शोधते. तशा तीन खोट्या जागा तिथे आधीपासून आहेत, दोन पहिल्या एक्सॉनच्या आत आणि एक इंट्रॉनमध्ये थोडं पुढे. एरवी खरी खूण जवळ असल्यामुळे त्यांच्याकडे कोणी बघत नाही. खरी फिकट झाली की त्या वापरल्या जातात. थोडे निरोप बरोबर कापले जातात, बरेचसे चुकीचे. चुकीच्यांमध्ये वाचन सरकतं, मधेच कुठेतरी "थांबा" असा शब्द तयार होतो, आणि असे अर्धवट निरोप ओळखून नष्ट करणारी वेगळी व्यवस्था पेशीत आहे ती त्यांना नष्ट करते. शेवटी बीटा साखळी कमी पडते. ज्याच्याकडे एक प्रत अशी आणि एक प्रत चांगली, त्याचं निभावतं, आमच्या पोरीसारखं. ज्या बाळाला दोन्हीकडून असलीच प्रत आली त्याला बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात लिव्हरमध्ये साठू नये म्हणून रोज औषध, जन्मभर. आणि हे कुठलं दुर्मिळ म्युटेशन नाही, भारतात बीटा थॅलेसेमियाचं सगळ्यात जास्त सापडणारं म्युटेशन हेच आहे.

आजोंच्या वहीतही एकदा असंच झालं होतं. एका पावसाळ्यात कपाटात ओल आली, आपल्याकडचा जुलै माहीतच आहे, आणि एका पानावरचा गोल पुसट झाला. आजो तेव्हा गेले होते, वही काकांकडे आलेली. सप्ताहाआधीच्या तालमीला काकांना खोकला झालेला म्हणून माझा चुलत भाऊ वही बघून गायला बसला, असेल तेरा-चौदा वर्षांचा, सुरेख गळा, आणि दुसऱ्या ओळीनंतर न थांबता त्याच चालीत "नारळ तीनशे वीस" गाऊन गेला. मग त्याला कळलं, तो थांबला, मृदंग थांबला, टाळ थांबले. ती शांतता मला अजून आठवते. कोणी हसलं नाही. काकांनी पेन घेतलं आणि गोल परत गडद केला.

बरं, हे सगळं कळलं कधी? १९७७ साली. तोपर्यंत सगळे बॅक्टेरियावरून शिकलेले, तिथे जीन म्हणजे सलग ओळ, त्यामुळे सगळीकडे तसंच असणार असं धरून चाललेले. एक कोडं मात्र होतं की प्राण्यांच्या पेशींच्या केंद्रकात खूप लांबलचक आरएनए सापडतो आणि बाहेर सायटोप्लाझममध्ये येतो तो आखूड, मधलं जातं कुठे? अमेरिकेत दोन ठिकाणी ॲडिनोव्हायरसवर काम चालू होतं, हा साधा सर्दी-खोकल्याचा व्हायरस. एमआयटीमध्ये फिलिप शार्प, त्यांच्याबरोबर सुसान बर्गेट आणि क्लेअर मूर. कोल्ड स्प्रिंग हार्बरला रिचर्ड रॉबर्ट्स, लुईस चाऊ, रिचर्ड गेलिनास आणि टॉम ब्रोकर. त्यांनी व्हायरसचा तयार आरएनए त्याच्याच डीएनएला चिकटवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिला. जुळणारी अक्षरं एकमेकांना चिकटतात, सलग ओळ असती तर सरळ जोडी दिसली असती. दिसलं काय, तर डीएनएचे तीन फुगवटे बाहेर आलेले, कारण त्या भागाला जुळेल असं आरएनएमध्ये काहीच नव्हतं. म्हणजे आरएनए चार तुकड्यांचा, आणि ते चार तुकडे डीएनएवर एकमेकांपासून लांब लांब बसलेले. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या पेपरच्या शीर्षकातच "अमेझिंग" असा शब्द आहे! सायन्सच्या पेपरात कोण असा शब्द लिहितं, पण त्यांना तसंच वाटलं असणार.

१९९३ चं नोबेल शार्प आणि रॉबर्ट्स यांना मिळालं. ते मायक्रोस्कोपचे फोटो ज्यांच्या हातचे, त्या लुईस चाऊंचं नाव त्यात नव्हतं आणि त्यावर तेव्हा बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर त्यांचं नाव असायला हवं होतं. वर्गात मी सातही नावं फळ्यावर लिहिते, परीक्षेला येवो न येवो. इंट्रॉन, एक्सॉन हे शब्द पुढच्या वर्षी, १९७८ ला, वॉल्टर गिल्बर्ट यांनी दिले. आणि व्हायरसनंतर प्राण्यांच्या स्वतःच्या ज्या जीन्समध्ये हे सगळ्यात आधी दिसलं त्यांत ससा आणि उंदीर यांचा बीटा ग्लोबिन होता, म्हणजे हाच जीन.

आता वाचणारा कोण? वहीत आजोंची नजर होती, पेशीत नजर कोणाची? इथे मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. ल्युपस नावाचा आजार आहे, त्यात शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवतं. अशा पेशंटच्या रक्तातल्या काही अँटीबॉडी केंद्रकातल्या कुठल्यातरी बारीक कणांना चिकटतात हे माहीत होतं, कणांना काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. येलमध्ये जोन स्टाइट्झ आणि त्यांचे विद्यार्थी मायकल लर्नर यांनी त्याच अँटीबॉडी गळासारख्या वापरून ते कण बाहेर ओढले. आत छोटे छोटे आरएनए निघाले, प्रोटीनमध्ये गुंडाळलेले. त्यांची नावं यू-वन, यू-टू, यू-फोर, यू-फाइव्ह, यू-सिक्स. आणि १९८० मध्ये लक्षात आलं की यू-वनच्या टोकाची अक्षरं इंट्रॉनच्या सुरुवातीच्या खुणेला अक्षराला अक्षर जुळतात. वाचणारा सापडला. आजारी माणसाच्या रक्ताने तो शोधून दिला, हे मला फार मोठं वाटतं.

(दरवर्षी कोणीतरी विचारतंच, मॅडम यू-थ्री कुठे गेला? तो आहे, पण तो रायबोसोमच्या आरएनएच्या घडणीत काम करतो, या कातरीत नाही.)

यू-वन सुरुवातीला धरतो, यू-टू ब्रँच पॉइंटच्या ए ला धरतो, मग बाकीचे तिघे एकत्र येतात, नंतर यू-वनची जागा यू-सिक्स घेतो, आणि शंभराहून जास्त प्रोटीन ये-जा करत असतात. या सगळ्या मेळ्याला स्प्लायसोसोम म्हणतात. तो एकदा बांधून ठेवलेला नसतो, प्रत्येक इंट्रॉनवर नव्याने जमतो आणि काम झालं की पांगतो, भजनाला माणसं जमतात तसा. कापणं दोन पायऱ्यांत होतं. आधी तो आतला ए वाकून इंट्रॉनच्या सुरुवातीला जाऊन चिकटतो, तिथे साखळी तुटते आणि इंट्रॉनचा फास तयार होतो, गुराच्या दाव्याला असतो तसा, खाली शेपूट लोंबतंय. मग पहिल्या एक्सॉनचं मोकळं झालेलं टोक इंट्रॉनच्या शेवटच्या ए-जी पाशी येऊन पुढच्या एक्सॉनला जोडलं जातं आणि फास सुटून बाजूला पडतो. नंतर तो सरळ करून मोडीत निघतो. गंमत म्हणजे जितके बंध तुटले तितकेच नवे जुळले, त्या देवाणघेवाणीला स्वतःला वेगळी ऊर्जा लागत नाही, एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं ते मेळा जमवायला, हलवायला, पांगवायला.

आणि प्रत्यक्ष कापणारा हात प्रोटीनचा नाहीच. आरएनएचाच आहे. थॉमस चेक यांनी १९८२ मध्ये टेट्राहायमिना नावाच्या एका पेशीच्या जीवात असा इंट्रॉन दाखवला होता जो कोणाच्याही मदतीशिवाय स्वतःला कापून घेतो, त्याबद्दल त्यांना सिडनी ऑल्टमन यांच्याबरोबर १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. तेव्हापासून संशय होता की आपल्या स्प्लायसोसोममध्येही खरी कातर आरएनएच असणार. २०१३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या प्रयोगांनी ती यू-सिक्समध्ये आहे हे दाखवलं, आणि २०१५ मध्ये बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात यिगोंग शी यांच्या टीमने यीस्टच्या स्प्लायसोसोमचा अगदी बारीक तपशिलाचा नकाशा काढला तेव्हा ती गाभ्यात तशीच बसलेली दिसली.

ताई इथपर्यंत ऐकत होती (मी तिच्या घरी ओसरीवर बसून हे सगळं सांगत होते, समोर कोकमाचं सरबत) आणि तिने एकदम विचारलं, एवढी उठाठेव कशाला मग, सरळ सलग का नाही लिहिलं? प्रश्न बरोबरच आहे. कधीकधी आकडे बघितले तर हे वेडेपणाचंच वाटतं. स्नायूंचा डिस्ट्रॉफिन नावाचा जीन २२ लाखांहून जास्त अक्षरांचा, त्याची एक प्रत लिहून व्हायला सुमारे १६ तास लागतात, आणि कापून जोडून उरतात साधारण १४ हजार अक्षरं, ७९ एक्सॉन. कापणं मात्र लिहून संपायची वाट बघत नाही, एकीकडे लिहिणं चालू असतं आणि मागच्या बाजूला कातर चालू.

पण यातून एक गोष्ट मिळते जी सलग ओळीत मिळाली नसती. त्याच वहीतून काका एका दिवशी दोन कडवी गातात आणि दुसऱ्या दिवशी वेळ कमी असला तर मधलं कडवं सोडून तिसरं घेतात, तसं पेशीलाही करता येतं. एकाच जीनमधून थायरॉइडमध्ये कॅल्सिटोनिन हे हार्मोन बनतं आणि चेतापेशींमध्ये रक्तवाहिन्या रुंद करणारं एक वेगळंच प्रोटीन, फक्त कुठला एक्सॉन घेतला यावर. अँटीबॉडी बनवणारी पेशी आधी ती आपल्या पृष्ठभागावर रोवून ठेवते आणि नंतर तीच रक्तात सोडते, जीन तोच, शेपटाचा तुकडा वेगळा. फळमाशीत डीस्कॅम नावाचा एक जीन आहे त्याचे ३८,०१६ वेगवेगळे निरोप होऊ शकतात. माणसात प्रोटीनचे जीन्स २० हजारांच्या आसपास आहेत, आणि ज्यांना एकाहून जास्त एक्सॉन आहेत अशातले नव्वद टक्क्यांहून जास्त जीन्स एकापेक्षा जास्त पद्धतींनी कापले जातात. ताई म्हणाली, म्हणजे वही एक आणि गाणारे वेगळे. मी म्हटलं हो, अगदी तसंच.

मग तिने दुसरा प्रश्न विचारला जो मला अपेक्षित होता, यावर औषध नाही का. खुणेवर चालणारी औषधं आहेत, दुसऱ्या आजारासाठी. लहान मुलांचा एक आजार आहे, स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, मान धरता येत नाही, हळूहळू श्वास जातो. त्यात एसएमएन-वन हा जीन बिघडलेला असतो. त्याचा जवळजवळ जुळा जीन, एसएमएन-टू, सगळ्यांकडे नाही तरी या मुलांकडे असतो, पण त्यात सातव्या एक्सॉनमध्ये एक सी चा टी झालाय आणि त्यामुळे तो सातवा एक्सॉन बहुतेक वेळा गळून पडतो. रवींद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच्या शेजारच्या इंट्रॉनमध्ये एक अशी जागा सापडली जी "हा एक्सॉन सोडा" म्हणून सांगते. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या एड्रियन क्रेनर यांच्या संशोधनातून त्याच जागेवर चिकटून ती झाकणारं औषध तयार झालं, नुसिनर्सेन, अमेरिकेत डिसेंबर २०१६ ला मान्यता. जीन बदलला नाही, प्रोटीन बाहेरून दिलं नाही, फक्त इंट्रॉनवर एक पट्टी लावली आणि कातर सुधारली. कण्यातून इंजेक्शन द्यावं लागतं. २०२० मध्ये रिसडिप्लाम आलं, ते तोंडाने घ्यायचं, आणि ते तर यू-वनला सातव्या एक्सॉनच्या पुढच्या फिकट खुणेवर नीट धरून ठेवायला मदत करतं. किमती आपल्यासारख्यांच्या हिशेबात बसणाऱ्या नाहीत. नुसिनर्सेनची अमेरिकेतली पहिल्या वर्षाची किंमतच साडेसात लाख डॉलर ठेवली होती, आणि हे लिहिताना मला चीड येते.

थॅलेसेमियासाठी २०२३ च्या शेवटी ब्रिटनने आणि मग जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेने जी क्रिस्पर थेरपी, म्हणजे डीएनए नेमक्या जागी कापणारी, मान्य केली ती वेगळी वाट घेते, जन्माआधीचं हिमोग्लोबिन परत चालू करते. पण त्यासाठी कात्री कुठे मारतात माहितीय? ते हिमोग्लोबिन बंद ठेवणाऱ्या बीसीएल-११-ए नावाच्या जीनच्या एका इंट्रॉनमध्ये. परत इंट्रॉन!

मुलाचा रिपोर्ट आला, ए-टू २.६, सगळं नॉर्मल. ताईने देवाला नारळ ठेवला. यांच्या प्रत्येक मुलाला वाहक असण्याची शक्यता निम्मी, बास, मोठा थॅलेसेमिया नाही. दोघेही वाहक असते तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता होती आणि तरी लग्न मोडायचं कारण नव्हतं, वेळेवर गर्भाची तपासणी करता येते, फक्त आधी माहीत असायला हवं. लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन हिमोग्लोबिन हलत नसेल तर एकदा ए-टू मोजणारी एचपीएलसी टेस्ट करून घ्या, हे मी आता भेटेल त्याला सांगते, बसमध्ये सुद्धा सांगितलंय.

गेल्या गुरुवारी वर्गात स्प्लायसिंग होतं. या वेळी चौकोन आणि रेघा काढल्या नाहीत. बीटा ग्लोबिनची खरी अक्षरं लिहिली, पहिल्या एक्सॉनची शेवटची सहा, इंट्रॉनची पहिली सहा, मग टिंबं, मग शेवटचे सी-सी-सी-यू-यू-ए-जी. त्याच्यावर यू-वनची अक्षरं उलटी जुळवून लिहिली. मग पाचवा जी पुसला आणि सी लिहिला, आणि कोणाचं आहे ते न सांगता सांगितलं की ही गोव्यातल्या एका मुलीची प्रत आहे. वर्ग शांत झाला.

मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, मॅडम त्या तीन खोट्या खुणांवर पट्टी लावली तर? मी त्याला सांगितलं की अगदी हीच कल्पना १९९३ मध्ये रिझार्ड कोल यांच्या लॅबने करून बघितली, थॅलेसेमियाच्याच बीटा ग्लोबिनवर, फक्त म्युटेशन वेगळं होतं, आणि परीक्षानळीत कापणं परत बरोबर झालं. नुसिनर्सेनसारख्या औषधांच्या मागे हा विचार आहे. रक्तात ते अवघड, कारण अस्थिमज्जेतल्या नव्या नव्या बनणाऱ्या पेशींपर्यंत पट्टी सतत पोचवत राहायला हवी. आणि आपल्या या मुलीच्या प्रतीत खोट्या खुणा झाकल्या तरी खरी खूण फिकट ती फिकटच.

तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही ती, पेडण्याहून रोज बसने येते, म्हणाली, मॅडम खूण बदलता येत नसेल तर वाचणाराच बदलला तर? यू-वनचं ते एक अक्षर?

मला क्षणभर काही बोलताच येईना. १९८६ मध्ये येलच्या युआन झुआंग आणि ॲलन वाइनर यांनी नेमकं हेच केलं होतं, खुणेतलं अक्षर बिघडवलं, मग त्याला जुळेल असं अक्षर बदललेला एक जादा यू-वन पेशीत सोडला, पेशीचा मूळचा तसाच ठेवून, आणि बिघडलेली खूण परत वाचली गेली. तेही ॲडिनोव्हायरसच्या जीनवर. मी तिला खडू दिला. ती फळ्यापाशी आली, यू-वनच्या ओळीत पाचव्या जागेसमोर जो सी होता तो बोटाने पुसला, आणि तिथे जी लिहिला.